आपले आणि आमचे

तंजावरला निघालेला मराठी प्रवासी सहसा दोन गोष्टी मनाशी ठरवून निघतो. राजराज चोळाने उभारलेले बृहदीश्वराचे मंदिर पाहायचे आणि त्याच मंदिराच्या प्राकारात कोरलेला मराठी शिलालेख पाहायचा. पहिली गोष्ट तो जगातल्या इतर कोणत्याही प्रवाशासारखी पाहतो. दुसरीसाठी मात्र त्याची पावले वेगळ्या गतीने पडतात. केरळांतकाचे दार ओलांडून, राजराजाचे दार ओलांडून, नायकांच्या काळातल्या प्रचंड नंदीला वळसा घालून तो दोनशे फुटांच्या विमानाकडे मान वर करून पाहतो. पण मन आधीच नैर्ऋत्येच्या कोपऱ्याकडे धावत असते. दोन-तीन दिवस बसच्या पाट्यांवर, दुकानांच्या फलकांवर, देवळांच्या भिंतींवर केवळ तमिळ अक्षरांची वळणे पाहून त्याचे डोळे शिणलेले असतात. त्या कोपऱ्यात अचानक देवनागरी अक्षरे दिसू लागतात. ओळीमागून ओळ, दगडामागून दगड. भोसले कुळाचा इतिहास. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. प्रवासी दोन-चार शब्द लावतो, एखादे ओळखीचे नाव सापडते आणि तो शेजारच्या सोबत्याला म्हणतो, ‘हे आपले.’

हे उद्गार उत्स्फूर्त असतात आणि त्यांत लबाडी मुळीच नसते. परदेशात गावचा माणूस भेटावा, तसा तो आनंद असतो. प्रश्न आनंदाचा नाही, शब्दाचा आहे. मराठी भाषेने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन सर्वनामे जपून ठेवली आहेत. ‘आम्ही’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतो. ‘आपण’ म्हणताना आत घेतो. संस्कृतात हा भेद नाही. तमिळमध्ये मात्र तो आहे, आणि तंतोतंत असाच आहे: ‘नांगळ्’ म्हणजे आम्ही, ‘नाम्’ म्हणजे आपण. दक्षिणेच्या सहवासात मराठीने जे कमावले त्यांत भाषाभ्यासक या भेदाची गणना करतात. म्हणजे ज्या शब्दाने प्रवासी तंजावरवर हक्क सांगतो, त्या शब्दाची घडणच तंजावरच्या भाषेच्या शेजारात झालेली असावी.

पण खरी अडचण याच्या पुढे आहे. ‘आपले’ या शब्दाचा विस्तार किती, हे शब्दकोश ठरवीत नाही. तो उच्चारताना बोलणाऱ्याचे तोंड कोणाकडे वळलेले आहे, यावर ते ठरते. प्रवासी सोबत्याकडे वळून ‘हे आपले’ म्हणतो, तेव्हा दोन पावलांवर उभा असलेला मंदिराचा राखणदार, प्रदक्षिणेला आलेली कुंभकोणमची सासुरवाशीण, दगडावर पाठ टेकून अभ्यास करणारा विद्यार्थी, हे सारे त्या शब्दाबाहेर राहतात. उच्चार ‘आपले’ असा होतो. अर्थ मात्र ‘आमचे’ असतो. आणि राखणदाराकडे तोंड करून, त्याला कळेल अशा रीतीने, तेच वाक्य म्हणण्याची वेळ आली, तर प्रवासी क्षणभर तरी थांबेल. त्या थांबण्यातच या विषयाचे सारे मर्म आहे.

भूतकाळातल्या एखाद्या वस्तूला ‘आपली’ म्हणण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो? रक्ताने म्हणावे, तर शिलालेख पाहायला येणाऱ्यांपैकी भोसले किती? भाषेने म्हणावे, तर हीच भाषा बोलणाऱ्या लाखो माणसांच्या पूर्वजांना सरफोजीराजांच्या दरबारात कोणी पाऊल ठेवू दिले नसते. कर्तृत्वाने म्हणावे, तर ते तर दुसऱ्याचेच. राहता राहिला अभिमान. अभिमान ही मोठी विचित्र मालमत्ता आहे: ती न कमावता मिळते आणि तिच्यावरचे कर्ज मात्र वारसाला दिसत नाही. सांबाराची गोष्ट घ्या. संभाजीराजांच्या पाहुणचारासाठी तंजावरच्या मुदपाकखान्यात आमसुलाऐवजी चिंच घालून आमटी केली आणि तिला त्यांचे नाव पडले, ही कथा प्रवाशाला तोंडपाठ असते. तिला कागदाचा आधार कोणी दाखवलेला नाही. तरीही ती सांगितली जाते, कारण ऐकणाऱ्याच्या पानातला पदार्थ सांगणाऱ्याचा करण्याची तिची युक्ती मोठी गोड आहे.

मनोऱ्याचे मात्र तसे नाही. पट्टुकोट्टईच्या पलीकडे समुद्रकाठी सरफोजीराजांनीच १८१४-१५ च्या सुमारास एक आठ मजली मनोरा बांधला. नेपोलियनचा पराभव करणाऱ्या इंग्रजांच्या विजयाचे ते स्मारक. ज्या कंपनीने राज्य काढून घेतले, तिच्या विजयाचा हा उत्सव. ग्रंथालय आपले, शिलालेख आपला, नृत्याचा राजाश्रय आपला. हा मनोरा मात्र ‘आपला’ म्हणून दाखवायला कोणी कोणाला नेत नाही. वारशाची अशी वाटणी करता येत नाही. जो सरस्वती महालाचा वारस आहे, तो मनोऱ्याचाही आहे.

आणि तो व्यंकोजीराजांचाही आहे. तंजावरच्या मराठी राज्याचा आरंभ कसा झाला, हे शिलालेखापुढे उभे राहून आठवण्यासारखे आहे. १६७३ साली मदुरेच्या नायकाने तंजावर जिंकले आणि आपल्या दूधभावाला, अळगिरीला, तेथे बसवले. पदच्युत घराण्याचा वारस चेंगमलदास विजापूरच्या आश्रयाला गेला. त्याला त्याची गादी परत मिळवून देण्यासाठी आदिलशहाने ज्यांना पाठवले, ते व्यंकोजी भोसले. ते आले, त्यांनी अळगिरीला घालवले, चेंगमलदासाला बसवले, आणि १६७५-७६ च्या सुमारास त्याच गादीवर स्वतः बसले. मदतीला आलेला पाहुणा घराचा मालक झाला. तत्कालीन राजनीतीत हे अपूर्व नव्हते, आणि नायकांनी तरी ते नगर कोणाच्या परवानगीने घेतले होते, असे कोणी विचारील. ते खरेच आहे. तथापि इतरांनीही तेच केले, या उत्तराने कृत्याचा खुलासा होतो. त्याचे समर्थन होत नाही.

पुढे १६७७ साली शिवाजी महाराज कर्नाटकाच्या स्वारीत कोळ्ळिडम नदीच्या उत्तरेस तिरुमलवाडीला येऊन राहिले. त्यांनी सावत्र भावाला भेटीस बोलावले आणि शहाजीराजांच्या वतनाचा अर्धा वाटा मागितला. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजी रातोरात नदी उतरून तंजावरला निघून गेले. महाराष्ट्रातून तंजावरच्या वेशीपर्यंत आलेला हा सर्वांत थोर प्रवासी. त्यांनी मागितला तो वाटा, आणि नगर मात्र पाहिले नाही. दोघा भावांच्या त्या वादात दोघेही ‘आपले’ हाच शब्द उच्चारत असणार. ज्या शेतांच्या उत्पन्नाविषयी तो वाद होता, ती कसणारे दोघांच्याही ‘आपल्या’त नव्हते.

हा दोष एका मराठ्यांच्याच माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. ज्या भिंतींच्या सावलीत प्रवासी उभा असतो, त्यांनी याहून जुनी गोष्ट पाहिलेली आहे. सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्याच्या राजाने १००५-०६ च्या सुमारास नागपट्टणमला एक बौद्ध विहार बांधला. समुद्रापलीकडच्या त्या पाहुण्या धर्माला राजराजाने आणैमंगलम हे गाव तोडून दिले. शैव राजाने बौद्ध विहाराला, तोही परक्या राजाने बांधलेल्या, दिलेले दान. आणि वीस वर्षांनी, १०२५ मध्ये, त्याच राजराजाच्या मुलाने, राजेंद्राने, त्याच श्रीविजयावर आरमार धाडले. पालेंबंगसारखी गजबजलेली राजधानी लुटली गेली. बापाने ज्याला आतिथ्य दिले, त्याच्या घरावर मुलाने चाल केली. आज जे आग्नेय आशियातल्या राजधान्यांत फिरताना तेथल्या देवळांत चोळांच्या खुणा शोधतात आणि ‘आपली संस्कृती’ म्हणून कौतुक करतात, त्यांनाही या दोन सालांमधले अंतर मोजावे लागेल. बृहदीश्वराच्या खजिन्यात सिंहलद्वीपातल्या गावांचा वसूलही येत असे. तो तेथल्या शेतकऱ्यांनी कोणत्या भावनेने दिला, हे सांगणारा लेख कोणी कोरलेला नाही.

तरीही राजराजाच्या लेखांत असे काही आहे, जे सरफोजीराजांच्या लेखात नाही. १०१० साली मंदिर पूर्ण झाल्यानंतर त्याने आज्ञा केली, ती अशी की त्याने स्वतः दिलेले, त्याच्या थोरल्या बहिणीने दिलेले, राण्यांनी दिलेले आणि इतर ज्या कोणी दिले असेल त्यांचे, असे सारे दान दगडावर कोरले जावे. त्या आज्ञेत राजा स्वतःसाठी जे सर्वनाम वापरतो, ते ‘नाम्’ हेच आहे. ते राजाचे आदरार्थी बहुवचन आहे हे उघड. परंतु पुढे जी यादी येते, ती त्या सर्वनामाला शोभणारी आहे. मंदिराच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे नर्तिकांची नावे तेथे आहेत: कोण कोणत्या देवळातून आली, कोणत्या रस्त्याच्या कोणत्या रांगेतले कितवे घर तिला दिले, भाताचा वाटा किती. दिव्याच्या तुपासाठी गुरे-मेंढ्या सांभाळणारे गवळी-मेंढपाळ आहेत. त्या बायकांना तेथे यायचे होते की नाही, हे कोणी विचारले नसेल. पण त्यांचे नाव आणि घर राजाच्या नावाइतक्याच कठीण दगडावर आहे. एका भिंतीवर कोणी काय दिले याची नोंद, दुसरीवर कोण कोणाचा मुलगा याची.

अर्थात सरफोजीराजांच्या लेखाचा न्याय करताना साल विसरून चालत नाही. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजाकडे उरला तो किल्ला, भोवतालचा थोडा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. त्यानंतर चार वर्षांनी हा माणूस आपल्या कुळाची कहाणी दगडावर कोरवतो. राज्य असणाऱ्याला इतिहास लिहिण्याची एवढी निकड नसते. ज्याच्याकडे केवळ नाव उरले, तो ते नाव सर्वांत टिकाऊ जागी, दुसऱ्याच्या मंदिराच्या भिंतीवर, सुरक्षित ठेवतो. त्याची भीती खोटी नव्हती. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने सारेच ताब्यात घेतले. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की हे राजसत्तेचे कृत्य आहे आणि त्याचा न्याय करणे न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. ‘हे आमचे’ एवढेच वाक्य, मागे कोणतेही कारण न जोडता, इतक्या उघडपणे क्वचितच उच्चारले गेले असेल.

मग मराठी प्रवाशाने काय करावे? काहीच आपले नाही असे म्हणून हात झटकावेत? असे म्हणणारेही भेटतात, आणि त्यांच्या नम्रतेत आळसाचा मोठा भाग असतो. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरात मराठी नाटके लिहीत होते. ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे त्यांतले एक. तरीही महाराष्ट्रात मराठी रंगभूमीची कथा कितीतरी वर्षे १८४३ च्या सांगलीपासूनच सुरू होत राहिली. सरस्वती महालात मराठीची तीन हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. तंजावरच्या दरबाराचे मोडी कागद आहेत, आणि मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत. ते कागद तीन शतके तमिळ मुलखाने सांभाळले. शिलालेखापुढे उभे राहून ‘आपले’ म्हणणाऱ्या शंभर जणांपैकी त्या कागदांतले एक पान वाचण्याइतकी मोडी शिकलेला एक निघाला, तरी त्या शब्दाला थोडे वजन येईल. हक्क सांगण्यापूर्वी कष्टाची नोंद असावी, ही अपेक्षा फार नाही. आणि ते ग्रंथालय तरी केवळ मराठ्यांचे कोठे आहे? त्याचा पाया तेलुगू नायकांच्या काळातला, त्यातला सर्वांत मोठा साठा संस्कृतचा. सरफोजीराजांनी काशीयात्रेहून आणलेल्या पोथ्या आहेत, युरोपातून मागवलेली पुस्तके आहेत. १९१८ पासून ते सर्वांना खुले आहे.

याच शहाजीराजांचे एक नाटक आहे, ‘पंचभाषाविलास’. त्यात द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तर देश येथल्या राजकन्या येतात. प्रत्येकीचे मन श्रीकृष्णावर जडलेले, आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते. कृष्ण बोलतो संस्कृतात. तेव्हाच्या तंजावरच्या प्रेक्षकाला पाचही भाषा थोड्याफार कळत असाव्यात, निदान न कळण्यातली गंमत तरी कळत असावी. मराठी राजाने लिहिलेल्या त्या नाटकात मराठी कन्या चौघींतली एक आहे. तिला पहिले आसन दिलेले नाही, हे त्या राजाच्या सुसंस्कृतपणाचे लक्षण मानावे लागेल. २०२० च्या फेब्रुवारीत बृहदीश्वराचा कुंभाभिषेक झाला, तेव्हा मंत्र संस्कृतात म्हणावेत की तमिळमध्ये, असा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि न्यायालयाने दोन्ही भाषांना मोकळीक दिली. भिंतीवर कोरलेल्या मराठीचे नाव त्या वादात कोणी काढले नाही. मंदिराचे वंशपरंपरागत विश्वस्तपद आजही भोसले घराण्याकडे आहे. तरीही कोणी काढले नाही. याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. दोनशे वर्षांत ती मराठी दगडाचाच भाग झाली आहे.

जिवंत मराठी तेथल्या घरांतून ऐकू येते. तंजावर, कुंभकोणम आणि पुढे चेन्नईपर्यंत पांगलेली ही घरे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. या घरांतली मराठी तमिळच्या वळणाने चालते आणि बऱ्याच घरांत लिहायची झाली तर तमिळ लिपीतच लिहिली जाते. असे एखादे घर प्रवाशाला भेटले, की तो हरखून म्हणतो, ‘किती दिवसांनी आपली भाषा ऐकली!’ आणि पाठोपाठ, नकळत, शब्द सुधारू लागतो. हे असे नाही, असे म्हणायचे. कॉफीचे भांडे पुढे करीत यजमान आजोबा शांतपणे म्हणतात, ‘ती तुमची. ही आमची.’ त्यांचे ‘आमची’ प्रवाशाला बाहेर ठेवते, आणि ते अगदी योग्य ठेवते. मग त्याच दमात ते त्याला जेवायला थांबण्याचा आग्रह करतात.

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंचवीसएक किलोमीटरवर ओरत्तनाडू लागते. सरफोजीराजांनी आपल्या प्रिय सखीच्या, मुक्तांबाळच्या, नावाने १८०२ मध्ये बांधलेले छत्र तेथे आहे. शिलालेख पाहायला आलेले प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाहीत. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी अशी कितीतरी छत्रे बांधली होती. १८०१ साली सरफोजीराजांनी कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला एक पत्र पाठवले. त्यात या छत्रांत काय चालते, याचे सविस्तर वर्णन आहे. ब्राह्मणापासून परियापर्यंत जो कोणी वाटसरू येईल, त्याला भात मिळतो. शिजवलेला चालत नसेल त्याला कोरडा शिधा मिळतो. वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि बरा होईपर्यंत आसरा मिळतो. लहान मुलांना दूध मिळते. गरोदर बायकांची बाळंतपणे होतात. आईबाप गमावलेली मुले तेथे वाढतात आणि शिकतात. वाटेतच मरण आले, तर ज्याच्या-त्याच्या जातीच्या रीतीने अंत्यविधी होतो. पंगत एक होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये, ती नव्हतीच. पण दारात आलेल्याला गाव, भाषा, कुळ विचारून परत पाठवायचे नाही, असा तो नियम होता, आणि त्याचा खर्च कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या त्याच जमिनींतून येत होता, ज्यांच्यासाठी दोन भाऊ तिरुमलवाडीला भांडले.

राज्याचा कारभार देऊन टाकल्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेले हे पत्र वर्णनासाठी लिहिलेले नव्हते. ते मागणीचे पत्र होते. किल्ल्याबाहेरचे सारे हातातून गेले होते, आणि राजा सांगत होता की ही छत्रे आणि त्यांना लावून दिलेल्या जमिनी तेवढ्या आपल्याकडे राहू द्याव्यात.